रेडिओवरील राजकीय भाष्य आणि दुसरी बाजू

महोदय,

वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर विरोधी मतांनाही स्थान देण्याचे अमेरिकी प्रसारकांवरील बंधन १९८७ मध्ये उठले आणि पुढच्याच वर्षी रेडिओ निवेदक रश लिम्बॉ यांचा राजकीय भाष्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. २०२१ मध्ये निधन होईपर्यंत, तीन दशकांहून अधिक काळ, ते आठवड्याचे पाच दिवस रोज तीन तास बोलत राहिले आणि रिपब्लिकन या एका पक्षाच्या मतदाराचे मन घडवत राहिले. त्यांच्या आवाजाची ताकद मी मानतो. विरोधकांची त्यांनी केलेली हेटाळणी मात्र मला मान्य नाही.

आपल्याकडे नेमके उलटे टोक आहे. खासगी एफएम केंद्रांना आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी ऐकवता येतात. स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडींची चर्चा त्यांना वर्ज्य आहे. त्यामुळे रावेर-यावलकडे केळीच्या बागेत मोबाइलवर गाणी ऐकत पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला पडलेल्या भावाबद्दल त्याच केंद्रावर फोन करून आमदार-खासदारांना जाब विचारता येत नाही. केंद्र सरकारने ही बंदी उठवावी, परंतु ज्याच्यावर टीका झाली त्याला त्याच कार्यक्रमात उत्तराची संधी देण्याची अट परवान्यातच घालावी.

— एक श्रोता, यावल (जि. जळगाव)