लॅमिंग्टन रोडवर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सॲप वापरत नाही, म्हणून हे इथे लिहितोय. नात वाचून दाखवेलच.

त्या शनिवारी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, इंडक्टन्स (बदलत्या करंटला विरोध करायचा कॉइलचा गुण) मोजायच्या मीटरचा भाव विचारत होतो. माझी टेलिकास्टर घाटाची जुनी इलेक्ट्रिक गिटार, तिच्या मानेकडच्या पिकपचा (तारांची थरथर विजेत बदलणारी चुंबक आणि कॉइलची जोडी) आवाज गोधडीखालून आल्यासारखा. दोन ठिकाणी दाखवली, दोघांनीही मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स (रोध) मोजला आणि ‘७.४ के (किलो-ओहम), पिकप चांगला आहे’ म्हणत बोळवण केली. तुम्ही शेजारी कपॅसिटर निवडत होतात. कोणी न विचारता म्हणालात, “रेझिस्टन्सवरून आवाज नाही कळत, फार तर तार किती गुंडाळलीय याचा अंदाज येतो.” खरं सांगतो, मला रागच आला होता.

तासाभराने मी तुमच्या गिरगावच्या खोलीत होतो. ओट्यावर स्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र), काकूंची कुकरची शिट्टी, आणि तुम्ही सगळ्यात आधी ट्यूबलाइट बंद केलीत. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकप, घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण ओढून घेतो हे मला माहीत होतं, पण मोजतानाही तिचा त्रास होतो हे डोक्यात आलं नव्हतं. मग रेझिस्टन्सचंच उरलंसुरलं महत्त्वही घालवलंत. तांब्याचा रोध एका अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे एसीतला ७.२ के मे महिन्याच्या दुपारी साडेसातला टेकतो. पिकप तोच!

खरी मजा पुढे. औषधाच्या डबीवर पन्नास वेढे घातलेली ती कॉइल पिकपवर ठेवून फंक्शन जनरेटरने (हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लहर देणारं यंत्र) तिच्यातून ठरावीक करंट सोडलात. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की पिकपचा व्होल्टेजही दुप्पट, कारण चुंबकक्षेत्र किती झपाट्याने बदलतं यावर तो ठरतो. म्हणून प्रत्येक आकडा फ्रिक्वेन्सीने भागायचा. ते गणित तुम्ही लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर माझ्याकडून करून घेतलंत. गिटारच्या व्हॉल्यूम-टोनच्या बटणांच्या जागी २५० केचे दोन रोध आणि केबलच्या जागी ५०० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर सव्वादोन हेन्रीच्या (हेन्री म्हणजे इंडक्टन्सचं माप) आसपासच्या कॉइलचं शिखर, म्हणजे जिथे आवाज सगळ्यात उठून येतो ती टेकडी, ४,४०० हर्ट्झच्या जवळ यायला हवं होतं. आमच्या आलेखात टेकडीच नाही. सपाट.

तुम्ही नुसते पिकपच्या धातूच्या कव्हरवर नख वाजवून “पितळ” म्हणालात. वरून निकेलचा मुलामा, आत पितळ. वीज चांगली वाहते, म्हणून त्यात भोवरा प्रवाह फिरतात आणि वरच्या सुरांची ताकद तिथेच जिरते. कव्हर म्हणजे कॉइलभोवतीचा एकच शॉर्ट झालेला वेढा, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. दोन कान सरळ करून, अर्थची बारीक तार जपून सोडवून कव्हर काढलं, आणि टेकडी आली.

लगेच केबलचा कपॅसिटर आणि रोध काढून मी नुसता पिकप मोजला, तर शिखर साडेसात हजारांवर. मी खूश. तुम्ही प्रोबवरची (स्कोपला जोडायच्या मोजणीच्या वायरवरची) कळ १ वरून १० वर सरकवलीत, शिखर दहा हजारांवर गेलं. १ वर असताना प्रोबची वायरच शंभरेक पिकोफॅरड टाकत होती. मोजणाराच मापात लुडबुड करतो, आणि हे मी इतकी वर्षं करत आलोय!

आता जर्मन सिल्व्हरचं कव्हर बसवलंय. (नावात सिल्व्हर, धातूत तांबं, निकेल आणि जस्त.) वीज त्यातून पितळेपेक्षा बरीच कमी वाहते, आवाज मोकळा झालाय आणि ढाल म्हणून आजूबाजूच्या विजेच्या खरखरीला थोडा आळाही बसतो.

पैशांचं नाव काढलं तेव्हा तुम्ही “आधी गणित नीट कर” म्हणालात. दोन ठिकाणी शून्य चुकलं होतं, बरोबर करून ठेवलंय. आणि एक कबुली. तुमच्या प्रोबचा स्प्रिंगचा आकडा घाईत माझ्या पिशवीत आलाय. शनिवारी आणून देतो. काकूंना नमस्कार.

आपला,
टेलिकास्टरवाला