वाळपईच्या झेरॉक्सवाल्या भाऊंना

भाऊ, स. न. वि. वि.

परवा माझा निकाल लागला. एम. ए. शिक्षणशास्त्र, प्रथम वर्ग. घरी सांगून झालं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट तुमच्या दुकानात आले. तर सरकारच्या गृह आधार योजनेचे कागद घेऊन आलेल्या बायकांची ही गर्दी. तुम्ही मान वर करून "बरें मूं टीचर?" म्हणालात आणि परत कीबोर्डकडे वळलात. मला जे सांगायचं होतं ते त्या गर्दीत ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण ज्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं तेही हे वाचतील. वाचावंच त्यांनी.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा आले ती फसायच्या बेतात असताना. एका एजंटचा फोन आला होता: एका वर्षात ऑनलाईन एम. एड., घरबसल्या, परीक्षेची काळजी आमची. मला शिकायचं होतं, भाऊ. पंधरा वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवते. रोज पणजीला जाऊन-येऊन शिकायचं तर नोकरी सोडावी लागली असती, आणि घर त्या नोकरीवर चालतं. पहिला हप्ता, अठरा हजार, भरून टाकला. दुसऱ्या हप्त्याआधी कागद पाठवायचे होते, ते स्कॅन करायला तुमच्याकडे दिले. तुम्ही स्कॅनरचं झाकण उघडं ठेवूनच विचारलंत, "टीचर, एम. एड. ऑनलाईन जाता?"

मी म्हटलं, होतं म्हणतात. तुम्ही वाद घातला नाहीत. मॉनिटर माझ्याकडे फिरवलात आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची 2014 ची नियमावली उघडून दिलीत. बी. एड. आणि एम. एड. दोन्ही दोन-दोन वर्षांचे झाले ते त्याच नियमावलीने. तिच्यात बी. एड. दूरशिक्षणाने करायची सोय आहे. एम. एड. ची नाही, ते वर्गात बसूनच करायचं. मग तुम्हीच विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी उघडलीत, कुठल्या विद्यापीठाला कुठला अभ्यासक्रम ऑनलाईन चालवायची मान्यता आहे त्याची. एजंटने सांगितलेलं नाव तिच्यात नव्हतं. एम. ए. शिक्षणशास्त्र मात्र चार-पाच ठिकाणी होतं. एम. ए. म्हणजे एम. एड. नव्हे, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. पण मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी असं आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केलं आहे, ते पत्रक तुम्ही मला छापून दिलंत. त्या दोन पानांचे चार रुपये घेतलेत. बाकी अर्धा तास तुमचा गेला त्याचं काहीच नाही.

अठरा हजार गेले ते गेलेच. दुसरे अठरा वाचले. आणि त्याहून मोठं म्हणजे माझं अख्खं वर्ष एका खोट्या कागदावर जायचं वाचलं.

मला हे शिकायचं का होतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत, पाचवीपासून आपल्याकडच्या सगळ्या मुलांसारखा एकदम इंग्रजीत. ऊर्ध्वपातनाचा प्रश्न आला, आकृतीसह स्पष्ट करा, आणि त्याने अख्खं पान कोरं सोडलं. काजूचा हंगाम होता, त्याच्या हातांना बोंडांचा वास येत होता. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि विचारलं, घरी भट्टीवर तू काय करतोस? त्याने बाकावरच खडूने काढायला घेतलं. आगीवर भाण, त्यात रस, तोंड मातीने लिंपून घेतलेलं, तिथून नळी, नळीच्या टोकाला दुसरं मडकं, आणि त्या मडक्यावर थंड पाणी ओतत राहायचं. का ओतायचं, मी विचारलं. "ना जाल्यार वाफ तशीच वता, टीचर." पहिल्या धारेचा हुर्राक, तोच परत चढवला की फेणी, हेही त्याने सांगितलं. बाष्पीभवन, संघनन, पुन्हा ऊर्ध्वपातन, सगळं त्याच्या हातात होतं. फक्त पेपरात छापलेला इंग्रजी शब्द त्याच्या घरात कधी आला नव्हता. मी त्याला शून्य दिलं होतं. ते शून्य मला खूप दिवस टोचत राहिलं.

माझा प्रबंध त्याच्यावरच होता: मराठी माध्यमातून चौथी झालेल्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांना नववीच्या विज्ञानात येणाऱ्या भाषेच्या अडचणी. रात्री अकराला मुलं झोपली की वाचायला बसायची. व्हायगॉट्स्की नावाचा एक रशियन मानसशास्त्रज्ञ होता, 1934 साली वारला, जेमतेम सदतीस वर्षांचा. मूल एकट्याने जेवढं करू शकतं आणि जाणत्या माणसाच्या मदतीने जेवढं करू शकतं त्यांच्या मधल्या जागेत शिकवायचं असतं, असं तो म्हणायचा. मी ते वाचलं तेव्हा मला तो बाक दिसला, खडूने काढलेलं भाण दिसलं. दोन वर्षांत मी बरंच वाचलं, पण वर्गात उभी राहताना मला त्या एका कल्पनेचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही.

आता मौखिक परीक्षेचा दिवस. मला खरं त्याच्यासाठी लिहायचं आहे.

जुलै महिना. आदल्या रात्री आमच्या गावात माडावर माड पडून तारा तुटल्या. वीज नाही, सकाळपर्यंत टॉवरही गेला. 2020 साली आमची मुलं ऑनलाईन वर्गासाठी डोंगरावर चढून बसायची ते सगळ्या गोव्याने पाहिलं होतं. पण त्या पावसात छत्री धरून डोंगरावर बसून परीक्षा कशी देणार? दुपारी तीनला व्हिडिओवर परीक्षक येणार होते. मी शाळेत गेले. शाळेत इन्व्हर्टर आहे, ब्रॉडबँड आहे, संगणकाची खोली त्या दिवशी रिकामी होती. अर्धा तास मागितला. "शाळेचं नेट खासगी कामासाठी नाही" असं उत्तर मिळालं. याच टेबलावर माझा ना हरकत दाखला दोन महिने पडून होता. जिथे पंधरा वर्षं शिकवते तिथल्या शिक्षिकेने जास्त शिकणं हे खासगी काम कसं, हे मला अजून कळलेलं नाही. नाव घेत नाही, पण मनातून गेलेलंही नाही.

कदंबची बस पकडून वाळपईला उतरले तेव्हा अडीच वाजले होते. साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. तुम्हाला धड काही सांगताही आलं नाही मला. तुम्ही आतल्या कोपऱ्यातला संगणक मोकळा करून दिलात, त्यावर बसलेल्या मुलाला उठवलंत, वेबकॅम पुसून दिलात. बाजारातही वीज नव्हती, दुकान इन्व्हर्टरवर होतं. झेरॉक्स मशीनची वायर तुम्ही काढून टाकलीत, राउटर टिकावा म्हणून. इतकं तर मला दिसलं आणि कळलंही.

परीक्षा सुरू झाली. दुसऱ्याच प्रश्नाला परीक्षक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून कसली तरी घरघर येते आहे, नीट ऐकू येत नाही." माझं डोकं बंद पडलं. पत्र्यावर पाऊस, रस्त्यावर गाड्या, कशाची घरघर ते मला सुचेना, आणि कॅमेऱ्यासमोरून उठायची परवानगी नव्हती. मी नुसती "हो, हो मॅडम" म्हणत बसले. आणि एकाएकी ती घरघर थांबली.

तुम्ही पंखा बंद केला होता.

डोक्यावरचा तो जुना पंखा, जो मला ऐकूही येत नव्हता, तुम्हाला काउंटरवरून ऐकू आला. जुलैतलं ते बंदिस्त दुकान, सकाळपासून तापलेली यंत्रं, वाऱ्याची झुळूक नाही. तुम्ही बटण दाबलंत, चपला हातात घेतल्यात आणि पाय न वाजवता बाहेर गेलात. जाताना शटर अर्धं खाली ओढलंत, तेही दोन्ही हातांनी धरून, हळू, करकर होऊ नये म्हणून. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाहेरून तुमचा दबका आवाज आला, "तुमी उलयात टीचर, हांव भायर आसां."

मग मी बोलले, भाऊ. भट्टीचं सांगितलं, बाकावरच्या खडूचं सांगितलं, माझ्या शून्याचंही सांगितलं. परीक्षक बाई मध्ये थांबवून प्रश्न विचारायला लागल्या, आणि तो आवाज तपासणाऱ्याचा राहिला नव्हता, ऐकणाऱ्याचा झाला होता. चाळीस मिनिटं झाली. शटरच्या खालून मला पायरीवर उभे असलेले सात-आठ जणांचे पाय दिसत होते, छत्र्यांवरून पाणी गळत होतं. एकानेही आवाज केला नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला माहीत नाही. तो फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेचा दिवस होता, हे मला नंतर शाळेत कळलं. म्हणजे तुमच्या धंद्याचा दिवस.

बाहेर आले तर तुमचा शर्ट डाव्या बाजूने खांद्यापासून खाली ओला. पागोळीखाली जेवढी जागा होती ती तुम्ही गिऱ्हाइकांना दिली होती. आणि मी काय केलं? शेवटची बस सुटेल म्हणून धावत गेले. पैसेही दिले नाहीत, धन्यवादही म्हटलं नाही. त्या दिवशीपासून ते माझ्या घशात अडकून राहिलं आहे.

मदत करणारी माणसं मला याआधीही भेटली आहेत. अंगणात सुकत घातलेली सोलं पाऊस आला म्हणून दुसऱ्याची कोणी उचलून पडवीत ठेवतं, रात्री उशिरा बाई एकटी उतरली तर कंडक्टर बस थांबवून ती वळणापर्यंत पोचेतो बघत राहतो. आपल्या सत्तरीत हे अजून आहे. मागितलं तर पुष्कळ जण देतात. पण मागायचं काय हे मलाच ठाऊक नव्हतं, पंखा बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. ते तुम्ही ऐकलंत. मी आता वर्गात उभी असते तेव्हा मुलांच्या बाजूने कसली घरघर चालू आहे ते ऐकायचा प्रयत्न करते. कधी ऐकू येते, कधी नाही येत.

तो भट्टीवाला मुलगा दहावी पास झाला. विज्ञानात त्रेसष्ट. त्याचे पुढचे फॉर्म तुमच्याकडेच भरलेत, तुम्हाला ठाऊक नसेल तो कोण. उंच, डाव्या भुवईवर व्रण, बापाबरोबर आला होता.

चवथीला आमच्याकडे यायचं, वहिनींना आणि मुलांना घेऊन. पाच दिवसांचा गणपती आहे, कुठल्याही दिवशी या, पण दुकान बंद करून या. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला या वर्षी आमच्याच बागेतलं तोरिंग आणि सुपारीचा घोस बांधणार आहोत. नेवऱ्या मी स्वतः करते. आणि त्या दिवसाचे चाळीस मिनिटांचे पैसे मी एका पाकिटात घालून ठेवले आहेत. नाही म्हणू नका. नाहीच घेतलेत तर त्यांतून दुकानाला एक नवा पंखा आणीन, आवाज न करणारा.

तुमची,
सत्तरीतली एक टीचर