चार वाजता काय करता, काका?

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पेढे घेऊन आलो होतो तेव्हा "काका, डॉक्टरांना द्या, मी नुसत्या वायरी चिकटवते" म्हणून तुम्ही हात जोडलेत. पेढे डॉक्टरांनी खाल्ले. तुमच्या वाटणीचं हे पत्र.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. मागच्या हंगामात काट्यावर ट्रॉली उभी, ड्रायव्हर पावतीसाठी हात पुढे करून थांबलेला आणि मी खुर्चीत डुलकी घेतोय, असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा शेतकी अधिकाऱ्यांनी पाहिलं. घरी ही म्हणायची, घोरण्याची सवय झालीय, पण मधेच ते थांबतं तेव्हा मी उठून बसते. श्रावणात तुमच्याकडे मिरजेच्या दवाखान्यात स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची रात्रभराची तपासणी केली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, बोटाला चिमटा. रात्री अडीचच्या सुमारास तुम्ही आत येऊन "काका, जरा उताणे झोपा" म्हणालात, तेव्हा मनातून चिडलो होतो, ते आता कबूल करतो. रिपोर्टात आकडा आला ३८. म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास बंद पडतो किंवा बराच कमी होतो. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात आणि आकडा ३० च्या वर गेला की तीव्र, हेही तेव्हाच कळलं.

गणपतीत मशीन आलं, मास्कमधून हवेचा जोर देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं, सीपॅप. पहिल्या आठवड्यात मास्कनं नाकावर वळ उठले. ही म्हणाली, सोंड लावून गणपतीच घरी आलाय. पण झोप लागायला लागली. आणि तरी सकाळी डोकं जड ते जडच. रात्रीची पहिली झोप अशी की ढोल वाजवले तरी उठणार नाही आणि पहाटेनंतर मात्र सगळं विस्कटायचं. साडेसहाला उठावं तर तोंड कोरडं, कपाळात ठणका, जणू मशीन लावलंच नव्हतं.

मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच प्रश्न, स्क्रीनवर आकडा किती, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकला? मी म्हणायचो ४.१. "मग पाचच्या आत आहे, बेस्ट चाललंय." चौथ्यांदा फोन करायची लाज वाटली. मोबाइलवर नको ते वाचत बसलो आणि मेंदूच श्वास घ्यायचा विसरतोय अशी भीती घालून घेतली. अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो. एका नातेवाइकानं ओवा हुंगायला सांगितला, तोही हुंगला.

दिवाळीनंतर तुम्हाला फोन केला. मशीन तुम्ही विकलेलं नाही, माझी स्टडी होऊन तीन महिने झालेले. "कार्ड काढून घेऊन या" एवढंच म्हणालात. मशीनच्या बगलेत नखाएवढं कार्ड असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्या दिवशी तुमची रात्रपाळी संपलेली. डोळे लाल, पर्स खांद्याला, चहाचा कप तसाच. तरी कार्ड लावून तुम्ही एक अख्खी रात्र माझ्यासमोर उलगडलीत. मशीन सात तास चाललेलं, श्वास अडकल्याच्या २९ खुणा. २९ भागिले ७, झाले ४.१. बरोबर. पण त्या खुणा रात्रभर पसरलेल्या नव्हत्याच. बाकीच्या रात्रीत मिळून इकडेतिकडे काही तुरळक, आणि चार वाजून दहा मिनिटांपासून साडेपाचपर्यंत २२, एकमेकींना चिकटून, तासगावच्या द्राक्षांचा घड असावा तशा. एवढी वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. कारखान्याचा साखरेचा सरासरी उतारा झकास असतो, तेव्हाही एखाद्या फडाचा ऊस वाळून चिपाड झालेला असतोच.

मग तुम्ही विचारलंत, "चार वाजता काय करता, काका?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, काही नाही, झोपलेलो असतो. तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. तिथं प्रेशरची रेघ आठ-नऊवरून एकदम तुटलेली, आणि पुढं चारच्या प्रेशरपासून हळूहळू वर चढत गेलेली, विहिरीच्या पायऱ्यांसारखी. "इथं मशीन बंद करून परत चालू केलंय." तेव्हा आठवलं. लघवीला उठतो. कार्तिकात देवळातला काकडा सुरू झाला की त्या आवाजानं, आणि काकडा नसतो तेव्हाही साधारण त्याच सुमाराला.

तुम्ही जे सांगितलंत ते मी त्या दिवसापासून दहा जणांना तरी सांगितलंय, इथंही लिहितो. विकणाऱ्यांनी सवय होईपर्यंत म्हणून रॅम्प, म्हणजे प्रेशर हळूहळू चढवायची सोय, पंचेचाळीस मिनिटांचा ठेवला होता आणि काढायचा राहून गेला. म्हणजे दर वेळी मशीन चालू केलं की पाऊण तास कमी प्रेशर. रात्री पहिल्यांदा झोपताना त्यानं फारसं बिघडत नव्हतं. पण पहाटेची झोप वेगळी. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत अंगातले स्नायू सैल सोडलेले असतात, घशाचेही. एरवी जीभ आणि घसा थोडाफार तग धरतात, त्या वेळी धरत नाहीत. म्हणजे हवेचा जोर सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच माझं मशीन चारच्या प्रेशरवर कुथत होतं.

आणि दुसरी गोष्ट तुम्ही हसत हसत काढून घेतलीत. काकडा ऐकायला म्हणून मी हिची उशीही ओढून डोक्याखाली घ्यायचो आणि उताणा पडायचो. तुम्ही खुर्चीत मागं टेकून हनुवटी छातीला लावून दाखवलीत, म्हणालात, "आता घ्या श्वास." घेतला. रबरी पाइप मुडपल्यावर पाणी जसं येतं तसा आला. उताणं झोपलं की जीभ आपल्या वजनानं मागं जाते, त्यात ही घडी. अडीच वाजता मला उताणं का झोपवलं होतं, ते तेव्हा समजलं.

काही खुणा वेगळ्या रंगाच्या होत्या, घसा उघडा असताना श्वास थांबलेल्या. माझी भीती तीच. तुम्ही त्यातल्या दोन मोठ्या करून दाखवल्यात: आधी मोठा उसासा, मग थोडा थांबलेला श्वास. कूस बदलताना जागा माणूसही असाच श्वास रोखतो आणि मशीनला तुम्ही जागे की झोपलेले हे कळत नाही. पण वाढल्या तर डॉक्टरांना दाखवायचं, हे मात्र बजावून सांगितलंत. रॅम्पलाही तुम्ही स्वतः हात लावला नाहीत. डॉक्टर राउंडवरून येईपर्यंत तासभर बसलात, त्यांनी हो म्हटल्यावर तो बंद केलात. ज्या बाईची रात्रपाळी सकाळीच संपली होती, ती अकरापर्यंत माझ्यासाठी थांबली.

त्या तासाभरात तुम्ही सांगितलेली गोष्ट हिला फार आवडली: सिडनीत कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी पहिलं असं यंत्र केलं तेव्हा त्यात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती, १९८१ साली त्यांनी ते छापून जगापुढं ठेवलं, आणि सुरुवातीच्या रुग्णांना मास्क रोज नाकाला चिकटवून घ्यावा लागायचा. तेव्हापासून मी वळांची तक्रार केली की ही म्हणते, चिकटवून देऊ का?

आता हिशेब देतो. रॅम्प काढल्यावर पहाटेच्या २२ खुणांच्या नऊ झाल्या. दुसरी उशी कपाटावर गेली आणि हिनं जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात नातवाचा टेनिस बॉल घातला, तेव्हा तीन-चारवर आल्या. उताणा झालो की बॉल टोचतो, मी कुशीवर वळतो. हंगाम निम्म्यावर आलाय, काट्यावर एकदाही डुलकी नाही. लघवीला उठणंही कमी झालंय. तेही या आजाराचंच लक्षण असू शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

एखाद्या पहाटे पुन्हा सहा-सात खुणा दिसतात. मागं मी त्यावरून फोन केला तेव्हा तुम्ही रागावलात, "शून्याच्या मागे लागू नका, काका, झोपा." म्हणून कार्ड आता पंधरा दिवसांनीच काढतो. बरं, खरं सांगतो, आठ दिवसांनी.

नातू बॉल परत मागतोय. त्याला नवा आणून दिला, पण त्याला तोच हवाय.

आपला,
काट्यावरचे काका