काका, माझं नाव इतिवृत्तात आलं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी सोसायटीची सभा संपल्यावर जिन्यात मी तुम्हाला नुसतं "थँक यू काका" म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. "अहो, त्यात काय," म्हणत तुम्ही कठडा धरून खाली उतरलात. घरी आल्यावर मी खूप रडले. आज महिना झाला, तरी आठवलं की गळा दाटून येतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

तीन पावसाळे आमच्या हॉलमध्ये गच्चीचं पाणी गळतंय. पंख्याच्या खाली बादली, भिंतीला पोपडे, मुलाची दहावीची पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, हे आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय. तरी दोन वर्षं सभेत माझा विषय निघाला की चेअरमनसाहेबांचं एकच उत्तर: "हा वैयक्तिक प्रश्न आहे, इथे नको." आणि इतिवृत्तात एक ओळ: "602 च्या मिसेसनी गळतीबद्दल विचारले."

त्यांच्यापेक्षा जास्त लागलं ते बाकीच्यांचं वागणं. लिफ्टमध्ये "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणणारे सभेत मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. आपल्याकडे कायदा कोळून प्यायलेले लोक आहेत, त्यांनाही कधी कंठ फुटला नाही. सणाला माझ्या घरच्या पुरणपोळ्या खाल्लेली माणसं आहेत ही. मला हे विसरता येत नाही.

या वर्षी मी विषय लेखी दिला होता, वेळेत. तरीही चेअरमन म्हणाले, "विषय नामंजूर. माझा निर्णय अंतिम आहे." माझ्या हातातला माइक त्यांनी मागून घेतला. मी खाली बसले. आणि मागच्या रांगेतून तुमचा आवाज आला, "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा."

तुम्ही विधिमंडळात प्रतिवेदक होतात, आयुष्यभर आमदारांची भाषणं शब्दन् शब्द टिपून घेतलीत, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर तुम्ही माझ्यासाठी सकाळी दूध आणायला जाणारे बी विंगचे काका होतात. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "विधानसभेत अध्यक्षांचा निर्णय सभागृहात अंतिम असतो. ही सहकारी संस्था आहे. 1960 च्या सहकार कायद्याचं कलम 72 सांगतं की, संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. तुमचा निर्णय मला मान्य नाही. विषय घ्यायचा की नाही, सभेला विचारा." हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मग हात वर झाले. 31 विषय घ्यावा म्हणून, 9 विरुद्ध. ते 31 हात इतकी वर्षं कुठे होते, हा प्रश्न आजही मला छळतो.

मला वाटलं, आता तुम्हीच माझी बाजू मांडाल. तुम्ही माइक माझ्याकडे दिलात आणि खाली बसलात. "मुद्दा त्यांचा आहे, त्याच बोलतील." मी बोलले. पाय थरथरत होते, पण सगळं बोलले.

काका, माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलंय ते त्यानंतरचं. सेक्रेटरी लिहीत होते. तुम्ही दोरीला बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवलात, टेबलापाशी गेलात आणि रजिस्टरवर बोट ठेवलंत. तिथे पुन्हा "602 च्या मिसेस" लिहिलेलं. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "ताई, तुमचं पूर्ण नाव?" मी सांगितलं. ते ओळीवर लिहून होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत. "सभागृहात कोण बोललं ते नावानिशी लिहितात," एवढंच म्हणालात. फ्लॅट माझ्या नावावर आहे, कर्जाचे हप्ते मी भरते, आणि या इमारतीच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा उमटलं ते तुमच्या त्या बोटामुळे.

जिन्यात तुम्ही दादासाहेब मावळंकरांची गोष्ट सांगितलीत, ती मी मुलालाही सांगितली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, मराठी घरातले. 18 डिसेंबर 1954 ला त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहात आला. तो चर्चेला असेपर्यंत अध्यक्षांनी त्या खुर्चीत बसायचं नाही, असं राज्यघटनाच सांगते. उपाध्यक्ष अय्यंगार पीठासनावर बसले. ठराव फेटाळला गेला, दादासाहेब पदावर राहिले. "पण तेवढा वेळ खुर्ची सोडावीच लागते," हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. आमच्या चेअरमनसाहेबांबद्दल त्या दिवशीही तुम्ही एक वाकडा शब्द काढला नाहीत. भांडण न करता, कुणाचा अपमान न करता आपल्या म्हणण्यावर ठाम राहणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत. माझे आजोबा तसे होते.

गच्चीच्या कामाची कोटेशनं मागवली आहेत. इतिवृत्ताची प्रत मी रीतसर अर्ज करून घेतली. ते पान देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. परवा आई गावाहून आली होती, तिला दाखवलं. तिने चष्मा लावून माझं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कोणी लिहायला लावलं?" तिला तुम्हाला भेटायचंय. रविवारी संध्याकाळी काकूंना घेऊन चहाला या.

तुमची,
602 मधली