माईंच्या माथी मारू नका

म्हापसा,
रविवार

प्रिय सुहास,

परवा फोनवर नीट बोललो नाही, कारण मागून माईंचा आवाज येत होता. म्हणून हे पत्र. वाच, आणि पटलं तर त्यांनाही वाचून दाखव.

घरात कुणीतरी मोबाइलवर वाचून हिशोब मांडला: तुझ्या पार्किन्सनचा (कंपवाताचा) संबंध पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाशी, मायटोकॉन्ड्रिया येतात आईकडून, म्हणजे दुखणं माईंकडून आलं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या, तिसरी साफ खोटी. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडून मिळतो, हे मी बारावीच्या मुलांना दरवर्षी शिकवतो. पण त्यात जनुकं फक्त ३७, आणि प्रथिनं बनवणारी त्यातली १३. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकीची हजारावर प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. तुझ्या रिपोर्टात ज्याचं नाव आहे ते पार्किन जनुक याच केंद्रकातलं, सहाव्या गुणसूत्रावरचं. त्याची एक प्रत आईची, एक वडिलांची, आणि तुझ्या दोन्ही प्रतींत तुकडे गळाले आहेत. म्हणजे माईंकडून जेवढं आलं तेवढंच अण्णांकडून. माई-अण्णा नात्यातले, अशा लग्नात एकच बिघाड दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. दोघांनाही त्याचा कधी त्रास नव्हता, मग कळणार कसं? अण्णा आज नाहीत म्हणून त्यांना कुणी बोलत नाही, आणि जी बाई समोर बसली आहे तिला ऐकवायचं! मला याचाच राग आला. रिपोर्ट हातात देणाऱ्यांनी दहा मिनिटं बसून समजावलं असतं तर एवढं झालं नसतं.

आता मायटोकॉन्ड्रियाचं काय ते सांगतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात चोरून बनवलेलं नशेचं द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण मुलं अचानक लाकडासारखी ताठरली. त्यातल्या एमपीटीपी नावाच्या भेसळीतून शरीरात जे विष बनलं, त्यानं मेंदूतल्या डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मिती बंद पाडली. तेव्हापासून संशय बळावला. मग १९९८ मध्ये जपानी संशोधकांना पार्किन जनुक सापडलं, आणि २००४ मध्ये पिंक-१ या दुसऱ्या जनुकाचा या आजाराशी संबंध कळला.

ही दोघं मिळून काम करतात. मायटोकॉन्ड्रिया बिघडला की पिंक-१ त्याच्या पृष्ठभागावर साचतं आणि पार्किनला बोलावतं. पाडायच्या माडावर खूण करतात तशी पार्किन त्यावर खूण करतं, मग पेशी तो गिळून मोडीत काढते. पार्किन नसेल तर खराब मायटोकॉन्ड्रिया तसेच पडून राहतात. डोपामिनच्या पेशींच्या शाखा इतक्या पसरलेल्या असतात, आणि त्यांना ऊर्जा इतकी लागते, की पहिला फटका बहुधा त्यांनाच बसतो. २००६ मध्ये फळमाशांवर एक सुंदर प्रयोग झाला: पिंक-१ नसलेल्या माशांना उडता येईना, पण जादा पार्किन दिल्यावर त्या सुधारल्या. उलट पार्किन नसलेल्या माशांना जादा पिंक-१ दिलं तर मात्र काही उपयोग झाला नाही. म्हणजे पार्किनचं काम पिंक-१ च्या पुढच्या पायरीवरचं.

हे वाचून कुणी "मायटोकॉन्ड्रिया मजबूत करणाऱ्या" गोळ्या खपवायला आलाच तर त्याला ओट्यावरूनच परत पाठव. अशाच एका गोळीची, कोएन्झाइम क्यू-१० ची, मोठी चाचणी पार्किन्सनच्या सुमारे ६०० रुग्णांवर झाली, काही फायदा दिसला नाही म्हणून ती मध्येच थांबवली. साफसफाईची ही यंत्रणा दुरुस्त करणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. खाजकुइलीच्या बियांत तुझ्या गोळ्यांतलाच लेव्होडोपा खरोखरच असतो, म्हणूनच तुझ्या गोळ्यांवर आणखी ते चूर्ण घेऊ नकोस, हातपाय आपोआप वळवळायला लागतील.

एक बरी गोष्ट. पार्किनचा प्रकार लवकर सुरू होतो, पण सहसा हळू सरकतो, थोड्या लेव्होडोपाला चांगली साथ देतो, आणि स्मृतीवर फारसा घाला घालत नाही. नाटकातली तुझी पाठ झालेली भाषणं शाबूत राहतील असं धरून चाल. पाय वळतो त्याला मात्र दिग्दर्शकाला सांगून बसूनच करायची भूमिका माग, उगाच हट्ट नको.

छोटीचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात असणार. तुझ्याकडून तिला बिघडलेली एक प्रत मिळेल; तिच्या आईची प्रत ठीक असेल तर हा आजार तिला होण्याची भीती जवळजवळ नाही. धाकट्या भावाचं वेगळं, त्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची चारात एक शक्यता होती. तपासणी करायची की नाही ते त्यानंच ठरवू दे.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पुढची तारीख कधी आहे ते कळव. रजा टाकतो, माईंनाही गाडीत घेऊ, डॉक्टरांच्या तोंडूनच त्यांनी ऐकलेलं बरं.

तुझा,
दिगंबर