नर्सिंगच घेतलंय, बाबा

कॉव्हेंट्री, मार्च २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे इथे मजेत आहोत. सोनूचा खोकला पूर्ण गेला. तो थंडीचाच होता, मी हॉस्पिटलमधून काही घेऊन आले म्हणून नव्हता, हे आईसाठी लिहिलं. बाकी हॉस्पिटलातली माझी मदतनिसाची ड्यूटी, शाळा, जेवणखाण तुम्हाला फोनवर रोज कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही.

पत्र मुद्दाम लिहितेय. फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आई भाजी कुठली केलीस ते विचारते. दादा प्रिंट काढून आणून देईल. बाबा, चष्मा लावून वाचा, आणि मध्येच घडी घालून ठेवू नका.

तर सप्टेंबरपासून मी नर्सिंगची पदवी सुरू करतेय. प्रवेशाचं पत्र आलं. तीन वर्षांचा कोर्स. इथे मोठ्यांचं नर्सिंग, मुलांचं, मानसिक आजारांचं, असं आधीच ठरवून प्रवेश घ्यायचा असतो, मी मोठ्यांचं घेतलंय. पदवीधरांसाठी दोन वर्षांचाही मार्ग आहे, पण इतक्या वर्षांनी वही उघडणार, तर जरा दमानं घ्यावं म्हटलं. मेडिकलचा अर्ज मी करणार नाही. यंदाही नाही, पुढच्या वर्षीही नाही.

आता मी डॉक्टरच व्हावं म्हणून तुम्ही मांडलेले मुद्दे. नीटला २०२२ पासून वयाची वरची अट राहिली नाही हे मला माहीत आहे. तुम्ही पाठवलेलं ओडिशातल्या त्या चौसष्ट वर्षांच्या बँकवाल्या गृहस्थांचं कात्रणही जपून ठेवलंय. निवृत्त झाल्यावर एमबीबीएसला प्रवेश मिळवला त्यांनी, मोठीच गोष्ट आहे. पण त्यांची नोकरी करून झाली होती, बाबा. त्यांना दुपारी सव्वातीनला शाळेच्या फाटकावर पोचायचं नव्हतं.

आणि इथे अट आडवी येते म्हणून मी सोडलं असंही समजू नका. वॉरिकचं मेडिकल कॉलेज आमच्याच गावाच्या कडेला आहे आणि ते घेतंच फक्त पदवीधरांना, चार वर्षांसाठी. माझी सांगलीची बी.एस्सी. तिथे चालते. यांना घरी सोनूपाशी ठेवून मी त्यांच्या माहितीच्या दिवशी जाऊनसुद्धा आले. माझ्या वयाचे चिक्कार लोक होते. एक बाई शाळेत शिकवणारी, एक माणूस फौजेतून आलेला. कुणी कुणाला वय विचारत नव्हतं. परत येताना बसमध्ये मला वाटलं, करावं. खोटं कशाला सांगू?

मग घरी येऊन कॅलेंडर घेऊन बसले. उन्हाळ्यात मेडिकलच्या प्रवेशाची ती यूकॅट परीक्षा, १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज, मेडिकलसाठी फक्त चार कॉलेजांची नावं टाकता येतात. पहिल्याच फटक्यात मिळालं तर सप्टेंबर २०२७. डॉक्टर व्हायला २०३१, म्हणजे माझं वय चव्वेचाळीस. त्यानंतर दोन वर्षं शिकाऊ डॉक्टर म्हणून, आणि साधा फॅमिली डॉक्टर व्हायचं तरी आणखी तीन. सगळं सुरळीत झालं तर एकोणपन्नास. ते सुरळीत होतंच असं नाही, कारण पुढच्या ट्रेनिंगच्या जागांना २०२५ मध्ये दहा हजार जागांमागे तीस हजारांवर डॉक्टरांचे अर्ज होते. आणि ती शिकाऊ दोन वर्षं कुठे काढायची हे २०२४ पासून मार्कांवर ठरत नाही, कंप्यूटर नंबर काढतो. आपण पसंती कळवायची आणि वाट बघायची. माझा नंबर स्कॉटलंडला लागला तर सोनूला तिकडे न्यायचं, की यांच्यावर टाकून जायचं? तो तेव्हा दहावीच्या वयाचा असेल. आई, तूच सांग.

फीचं म्हणाल तर, आमचं कायमच्या वास्तव्याचं झाल्यामुळे ती इथल्या मुलांइतकीच, २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंड. एक पदवी असलेल्या माणसाला सरकार दुसऱ्या पदवीसाठी सहसा फीचं कर्ज देत नाही. नर्सिंगला मात्र देतं. म्हणून पाच वर्षांचं साधं मेडिकल माझ्यासाठी कधीच नव्हतं, चार वर्षांच्या कोर्सचंच काय ते जमण्यासारखं होतं. शिवाय नर्सिंगच्या विद्यार्थ्याला इथलं आरोग्य खातं वर्षाला ५,००० पौंड देतं आणि मूल असेल तर वर २,०००, तेही परत न करण्याच्या बोलीवर. फीचं कर्ज पगार एका रकमेवर गेला की थोडं थोडं कापून जातं आणि चाळीस वर्षांनी उरेल ते माफ. तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेन, बँकेने खुशाल यावं.

आता आईचा प्रश्न. पाडव्याच्या दिवशी व्हिडिओवर माझे मोकळे हात बघून तू काही बोलली नाहीस, पण संध्याकाळी वहिनीला फोन करून "त्या दोघांचं सगळं बरं आहे ना" विचारलंस. आई, आमचं सगळं बरं आहे. मी ड्यूटीवरून आले होते आणि बांगड्या घालायच्या राहिल्या होत्या, एवढंच. इथल्या हॉस्पिटलचा नियम असा की पेशंटला हात लावणाऱ्या माणसाच्या कोपराखाली काही नको. बांगडी नको, घड्याळ नको, लांब बाही नको, नेलपॉलिश नको, नखं बोटाच्या पुढे आलेली नकोत. खड्याची अंगठी चालत नाही, लग्नाची साधी वळ्यासारखी तेवढी चालते. शीख मुलं कडा पार कोपराकडे सरकवून घट्ट बसवतात आणि मगच हात धुतात. कारण बाहीच्या टोकाला आणि बांगडीच्या आत जंतू बसतात आणि मनगट नीट धुतलं जात नाही. मी मायक्रोबायॉलॉजीवाली, मला ते पटतं. मंगळसूत्र मी निघताना देवापाशी ठेवते. रोज आल्यावर घालते. रोज, आई.

आणि हा नियम फक्त नर्सला किंवा माझ्यासारख्या मदतनीस बायांना आहे असं नाही हं. मोठे मोठे सर्जनही बाह्या वर करून, टाय काढून फिरतात. बाबा, तुमच्या मनातला तो पांढरा कोट, तो तर २००७ च्या नियमांनंतर इंग्लंडातल्या वॉर्डांतून गेलाच. पहिल्या आठवड्यात मी कोट शोधत होते आणि चेकच्या शर्टातल्या एका माणसाला नातेवाईक समजून बाहेर बसायला सांगणार होते. ते वॉर्डाचे मुख्य डॉक्टर निघाले.

मग घड्याळाचं काय करतात, तर ते छातीवर टाचतात. उलटं. बारा खाली आणि सहा वर, म्हणजे आपण मान खाली घालून बघितलं की आपल्याला सुलटं दिसतं. समोरच्याला वाटतं बाईने घड्याळ उलटं लावलंय. मलाही आधी हसू आलं होतं. मग त्याचा उपयोग कळला. पेशंटचा श्वास मोजायचा असतो ना, तेव्हा त्याला कळू द्यायचं नसतं, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी धरल्यासारखं मनगट धरायचं आणि घड्याळाकडे बघत छातीचं वरखाली मोजायचं.

परवा एक आजी होत्या, सकाळपासून "मी छान आहे" म्हणत होत्या. चहा मात्र तसाच थंड झालेला. मनगट धरलं, मोजलं, मिनिटाला सव्वीस. इथे श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध, सगळ्याला गुण देतात. श्वास पंचविसावर गेला की एकट्या त्याचेच तीन, आणि तीन झाले की नर्सला लगेच सांगायचं. मी सांगितलं. आमची सिस्टर आली, तिने मशीनकडे बघितलंच नाही आधी. आजींचे हात हातात घेतले, बोटं गार होती. लघवी शेवटची कधी झाली विचारलं, गुडघ्यांवरची कातडी बघितली, आणि फोन उचलून डॉक्टरला म्हणाली, आत्ता ये. जंतू अंगात भिनत असल्याची ती लक्षणं होती. अँटिबायोटिकची बाटली दुपारच्या जेवणाआधी लटकली होती. डॉक्टर मुलगी हुशार होती, पटापट सगळं केलं तिने, पण तिच्याकडे आणखी वॉर्ड होते, ती गेली. सिस्टर दिवसभर तिथेच होती. आणि मला त्या डॉक्टरच्या नाही, सिस्टरच्या जागी असावंसं वाटलं. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नसतं.

"नर्स म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर", हे तुम्ही तीन वेळा म्हणालात. इथे पुढचं शिक्षण घेतलेल्या नर्सला २००६ पासून स्वतःच्या सहीने औषधं लिहिता येतात, नियम सांभाळून. पण ते लिहिता आलं नसतं तरी मी हेच केलं असतं, म्हणून हा मुद्दा लावून धरत नाही. पगार डॉक्टरपेक्षा कमी, ते खरं. २०२५-२६ मध्ये नवीन नर्सला वर्षाला ३१,०४९ पौंड, नवीन डॉक्टरला ३८,८३१. पण मी बेचाळिसाव्या वर्षी कमवायला लागेन, चव्वेचाळिसाव्या नाही.

वरच्या खोलीतली माझी २००४ च्या सीईटीची पुस्तकं आता कुणाला तरी देऊन टाका. पाव टक्क्याने काय गेलं ते गेलं. तुम्ही त्यांवर अजून कव्हर बदलता, असं छोटी म्हणाली. नका बदलू.

आता छोटीचं. कोल्हापूरचं स्थळ चांगलं आहे, मुलगा तिलाही आवडलाय, मग पत्रिकेवरून फार ताणू नका. पाहुण्यांनी "मोठी इंग्लंडला काय करते" विचारल्यावर तुम्ही "मेडिकल लाइनला आहे" म्हणालात, हे दादाने सांगितलं. बाबा, मिरजेत मेडिकल लाइन म्हणजे औषधाच्या दुकानातल्या पोऱ्यापासून सर्जनपर्यंत सगळेच येतात. सरळ सांगा की नर्सिंग शिकतेय. त्यावरून मागे सरणारी माणसं असतील तर आत्ताच सरलेली बरी. (छोटे, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस. तुझं काही बिघडू नये असंच मला वाटतं, म्हणून रात्री दोनदा हे वाक्य खोडलं आणि पुन्हा लिहिलं.)

तारखेचं बघा. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात काही होणार नाही. अधिक सरल्यावर, आषाढी एकादशीच्या आत मुहूर्त मिळाला तर बरं. सोनूची शाळा बुडेल, इथे आठवडाभर परवानगीशिवाय बुडवली तर आईबापांना प्रत्येकी ८० पौंड दंड करतात, तो आम्ही भरू. तुळशीच्या लग्नानंतर काढलंत तर मात्र मी कुठल्यातरी वॉर्डात प्रॅक्टिकलला असेन. तीन वर्षांत २,३०० तास असे भरावे लागतात, बुडलेले मागाहून भरून द्यायचे. रजा मागेन, नाही असं नाही, पण मिळेलच असं आत्ता लिहून देता येत नाही. घरातली मोठी मुलगी आणि चुडा भरायला नाही, हे काही मला नको आहे.

आई, धोंड्याच्या महिन्याचं वाण कुरियरने पाठवायच्या फंदात पडू नकोस. गेल्या खेपेला अनारशांचा भुगा झाला होता आणि यांनी तो चमच्याने खाल्ला. चांदीचा दिवा वगैरे तर नकोच, ते पैसे लग्नाला ठेव.

पैशांचंही सांगते. वरच्या मजल्याचा हप्ता ऑगस्टपर्यंत आहे तसाच पाठवेन. सप्टेंबरपासून माझा पगार थांबेल, यांच्या पगारात इथल्या घराचा हप्ता जातो, म्हणून अर्धाच जमेल. उरलेला अर्धा दादाने तीन वर्षं बघावा असं मी त्याला बोललेय. तो लगेच हो म्हणाला, त्यामुळे मला जास्तच अवघड वाटतंय. वहिनीला विचारून हो म्हणाला का, ते तुम्ही जरा अंदाज घेऊन सांगा. तसं नसेल तर मी सुट्टीत जादा शिफ्टा करून भागवेन, त्रास काही नाही. छोटीच्या लग्नासाठी दोन लाख वेगळे ठेवलेत, ते कोर्ससाठी काढलेले नाहीत, आई, काढणारही नाही.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन मी येईपर्यंत लांबवू नका. मी आले नाही म्हणून राहिलं, असं मला ऐकायचं नाहीये.

पुढच्या रविवारपासून इथली घड्याळं तासभर पुढे जातील, म्हणजे आपला फरक साडेचार तासांचा. रात्री दहाला फोन केलात तर मी घरी असते.

यांचा नमस्कार, सोनूचा साष्टांग.

तुमची,
बेबी

ता. क. ट्रंकेतल्या निळ्या फाइलमध्ये बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आहेत. दादाला नीट स्कॅन करून पाठवायला सांगा, कॉलेजला एप्रिलच्या आत द्यायच्या आहेत. बाबा, फाइल कुठे आहे ते त्याला तुम्हालाच दाखवावं लागेल.