तात्या, तुमची पट्टी अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय तात्या,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मुलाकडे पुण्याला निघालात त्या दिवशी गल्लीने तुमच्यासाठी शाल-श्रीफळ आणून ठेवले होते. तुम्ही शाल घेतली नाही. ‘नारळ फोडून पोरांना वाटा’ म्हणालात आणि रिक्षात बसलात. त्या दिवशी बोलायचे राहून गेले, ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या दारात आलात तेव्हा तुमच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. मुंगीएवढ्या अक्षरातली जाहीर नोटीस, नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७ खालील फेरबदल, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या विकास आराखड्यात बदल. ‘ताई, हा सर्व्हे नंबर कुठला, ओळखता का?’ मी ओळखला नाही. आणि तो तर आमच्या मागचा, ओढ्याकाठचा मोकळा तुकडा होता. वीस वर्षे मी तिथे वाळवणे घातली. विकास आराखड्यात तो हिरवा, म्हणजे मोकळा ठेवायचा होता, तो रहिवासी करायचा प्रस्ताव निघाला होता. हरकत घ्यायला एक महिना, आणि त्यातले ११ दिवस सरले होते.

सांगलीकराला पुराचे वेगळे काय सांगायचे? ऑगस्ट लागला की आपण एकमेकांना ‘जेवलात का’च्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतो, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती चढले. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेले, २०२१ ला पुन्हा घरे सोडावी लागली. पण आमच्या गल्लीत पाणी पहिल्यांदा नदीकडून येत नाही. कृष्णेला फूग आली, म्हणजे नदीचे पाणी तुंबून मागे रेटू लागले, की ओढ्याचे पाणी नदीत शिरत नाही, ते उलटे फिरते आणि परसदाराने आत येते. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. मात्र हे कुठे मांडायचे असते आणि ऐकून घेणे कुणावर बंधनकारक असते, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हते.

मी रात्री बसून तीन पाने लिहिली. पुरात भिजलेली शिलाई मशीन, सासूबाईंना खांद्यावर नेलेले, लग्नाचे फोटो, सगळे लिहिले. तुम्ही तिन्ही पाने शांतपणे वाचलीत, घडी करून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘हे जपून ठेवा. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण समोरच्या माणसाला फाईलवर काय टिपता येईल, ते यात नाही.’ मला वाईट वाटले होते, तात्या. तेव्हा बोलले नाही, आज सांगते.

मग तुम्ही माझ्या कटिंगच्या टेबलावर भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला आमच्या भागाचा नकाशा, पसरलात. आयुष्यभर नगररचना खात्यात अनुरेखक म्हणून, म्हणजे नकाशे उतरवण्यात, काढलेत, तुमचे बोट त्या रेघांवरून असे फिरत होते जसे माझे कापडावरून फिरते. पिवळे ते रहिवास, हिरवे ते मोकळे. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध. मग स्टीलची पट्टी माझ्या हातात दिलीत. ‘१ सेंटीमीटर म्हणजे ५० मीटर. ओढा मोजा.’ मी मोजला, २ मिलिमीटर. म्हणजे १० मीटर. ‘आता जागेवर जाऊन मोजा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा शिवणाचा टेप, सुतळी आणि गल्लीतली दोन पोरे घेऊन आपण ओढ्यात उतरलो. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. दर मीटरला गाठ मारलेली सुतळी या काठावरून त्या काठावर ताणली, गाठी मोजल्या. त्या तुकड्याच्या मागे जेमतेम ४ भरल्या. बाकीचा ओढा भरावाखाली गेला होता. आम्ही रोज बघत होतो आणि तरी आम्हाला दिसले नव्हते. संध्याकाळी २२ घरांतून फिरून भिंतीवरची २०१९ ची खूण उंबऱ्यापासून किती वर आहे ते मोजले. एका घरात नवा रंग दिला होता, पण त्या आजींनी खुणेएवढी जागा मुद्दाम सोडली होती. तुम्ही तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिलात.

हरकत शेवटी एका पानाची झाली. मागणी पहिल्याच ओळीत: फेरबदल नाकारावा. खाली सर्व्हे नंबर, ओढ्याची दोन मापे, २२ घरांचा तक्ता. मग तुमचा आग्रह होता ती ओळ: मंजूर करायचाच असेल तर ओढ्याची नकाशातली रुंदी आधी जागेवर मोकळी करावी. ‘नुसतं नको म्हणू नका, पर्यायही लिहा.’ आणि सर्वात शेवटी, आम्हाला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी. हे वाक्य स्वच्छ लिहा म्हणून तुम्ही मला तीनदा बजावलेत. अर्ज आवक-जावकला दिला. शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय तुम्ही मला खिडकीपासून हलू दिले नाही.

सुनावणीला तुम्ही आलात, पण मागच्या बाकावर बसलात. ‘घर तुमचं आहे, बोलणार तुम्ही.’ माझे हात थरथरत होते. तक्ता पुढे ठेवला तेव्हा एका अधिकाऱ्यांनी विचारले, हे माप कुठून घेतले? मी म्हणाले, उंबऱ्यापासून, माझ्या टेपने. त्यांनी तो तक्ता फाईलला लावून घेतला आणि ओढ्याबद्दल आणखी दोन प्रश्न विचारले. आमचे बोलणे पाच मिनिटांत आटोपले, पण इतकी वर्षे गल्लीच्या तोंडी असलेली गोष्ट त्या पाच मिनिटांत कागदावर आली. प्रस्ताव मंजूर करायचा की नाही हे शासन ठरवणार, निकाल अजून यायचा आहे. काय लागेल ते मला सांगता येत नाही.

बाहेर चहा घेताना तुम्ही जे सांगितलेत ते मी वहीत उतरवून ठेवले आहे. १९९३ साली लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्या महापालिकेची वस्ती २०११ च्या जनगणनेतच ५ लाखांवर होती. त्या समितीवर नगरसेवकांबरोबर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. अख्खा आराखडा नव्याने होतो तेव्हा हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीवरही स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार असतात. ‘या खुर्च्या कायद्यात आहेत ताई. तिथं बसायला माणसं तयार नसतात, म्हणून त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत.’ आमच्या महिला मंडळाने आता ठरवले आहे, नोंदणीचे कागद नीट करायचे आणि प्रभाग समितीसाठी रीतसर नाव द्यायचे. मंडळाच्या बायका मला पुढे हो म्हणतात. मला भीती वाटते, पण मी हो म्हटले आहे.

तात्या, तुम्ही पेन्शनर माणूस. तुमचे घर उंचावर, तिथे पाणी येत नाही. त्या तुकड्यावर काही झाले असते तरी तुम्हाला झळ लागली नसती. तरी ते कात्रण घेऊन तुम्ही दारोदार फिरलात. आठ घरांनी ‘बघू’ म्हणून दार लावले होते, हे मला नंतर कळले. नवव्या दारातही तुम्ही तितक्याच आपुलकीने ‘ताई’ म्हणून हाक मारलीत. त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक सून आली होती. तिच्या हातात तसेच कात्रण होते, तिच्या दारासमोरच्या रस्त्याच्या रुंदीचे. मी टेबलावरचे कापड बाजूला केले, तिला भाग नकाशा मागवायला सांगितला आणि तुमची पट्टी काढून ठेवली. ती तुम्हाला परत द्यायची आहे. पण तिची सुनावणी होईपर्यंत राहू द्या माझ्याकडे.

दिवाळीला सांगलीत याल तेव्हा जेवायला आमच्याकडेच या.

आपली,
ओढ्याकाठची शिवणवाली ताई